सुडाचा सातबारा आणि दगडाबाईंचा डावा डोळा

"'खोलीत सात माणसं बसली होती. इन्स्पेक्टर सरनोबतांनी दाराला आतून कडी घातली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ते म्हणाले, पाचही खून करणारा हात या घडीला याच खोलीत आहे.'"

एवढं वाचून काकासाहेबांनी बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. पुढं पान नव्हतं. पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यावर लेखकाचा हसरा फोटो होता.

"वाच की," खाटेवर मांडी घालून बसलेल्या दगडाबाई म्हणाल्या. "कडी घातली. मंग?"

काकासाहेबांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, झटकलं, खाटेखाली वाकून पाहिलं. "माय, पुढची पानंच नाहीत. कुणीतरी फाडलीत."

"अरे कर्मा," दगडाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली माळ उशीजवळ ठेवली. "मंग परवाचं आप्रेशन ऱ्हायलं म्हण."

स्वयंपाकघरातून मालनबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. सासूचं हे वाक्य त्यांनी या वर्षात चौथ्यांदा ऐकलं होतं.

दगडाबाईंचं वय एक्क्याऐंशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला डाव्या डोळ्याचा पार पिकलेला. पहिल्यांदा ऑपरेशन ठरलं तेव्हा अधिक महिना निघाला. दुसऱ्यांदा ग्रहण आलं. तिसऱ्यांदा तर रिक्षात बसल्यावर त्यांना आठवलं की पिशोरला दिराच्या नातवाचं जावळ आहे, आणि रिक्षा दवाखान्याऐवजी बसस्टँडला गेली. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काकासाहेबांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "आता हा गुरुवार चुकला तर डोळा हातचा जाईल. मग माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही." काकासाहेब तेव्हापासून घाबरले होते. मंगळवार आज उजाडला होता आणि अजून कुठलं ग्रहण दिसत नव्हतं, म्हणून ते जरा निर्धास्त झाले होते. तेवढ्यात हे पुस्तक आडवं आलं.

आता ऑपरेशनचा आणि खुनाच्या कादंबरीचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध होता, आणि तो काकासाहेबांनीच जोडलेला होता. रोज दुपारी चारला आईला पोथी वाचून दाखवायची हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. पण घरातल्या सगळ्या पोथ्या तीन-तीनदा झाल्या आणि काकासाहेब कंटाळले. त्यांचा खरा जीव खुनाच्या कादंबऱ्यांत. एके दिवशी त्यांनी वाचनालयातून आणलेली 'सुडाचा सातबारा' ही नवीकोरी कादंबरी पोथीच्या फडक्यात गुंडाळली आणि पोथीच्याच चालीवर हेल काढून वाचायला सुरुवात केली. म्हातारीला काय कळतंय, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्याच पानावर विहिरीत प्रेत सापडलं आणि दगडाबाई म्हणाल्या, "ही कंची पोथी?"

काकासाहेब घाईनं पुस्तक फडक्यात गुंडाळू लागले.

"ऱ्हाऊ दे," दगडाबाई म्हणाल्या. "हीच वाच."

तेव्हापासून ती कादंबरी पोथीच झाली. प्रकरणाला अध्याय म्हणायचं, आधी उदबत्ती लावायची. तिसरा खून झाला तेव्हा अध्याय संपला म्हणून दगडाबाईंनी हात जोडले आणि तळहातावर साखर घेतली. कादंबरीतला खुनी मोठा सुडाचा माणूस होता. खोटे कागद करून शेत लाटणाऱ्या माणसांना तो एकेक करून मारायचा, आणि प्रत्येक प्रेताच्या छातीवर त्या शेताचा सातबारा ठेवायचा, मेलेल्याच्या नावावर लाल रेघ मारून. दगडाबाई साऱ्या जन्माच्या शेतकरी. त्यांना यात नवल वाटलं नाही. "बांध कोरला की माणूस पेटतोच," त्या म्हणाल्या. खुनी कोण हेही त्यांनी दुसऱ्या अध्यायातच सांगून टाकलं होतं. "ती कोपऱ्यात बसलेली म्हातारी. शक आधी घरातल्यावर घ्यावा, मंग गावातल्यावर."

"माय, ती ऐंशी वर्षांची आहे. तिला धड दिसतसुद्धा नाही," काकासाहेब हसून म्हणाले होते.

"मंग?" दगडाबाई म्हणाल्या होत्या.

पोथी म्हटली की पोथीची शास्त्रं आलीच. दगडाबाईंकडे ती भरपूर होती. त्यांचे वडील पिशोरचे मोठे पोथीवाचक. पोथी अर्धी असली की यम दारातून परत जातो, असं त्यांच्या घरात मानत. म्हणून म्हाताऱ्यानं शेवटचा अध्याय अकरा वर्षं न वाचता ठेवला होता आणि तो चौऱ्याण्णव वर्षं जगला. शेवटी कुणी आगाऊ पाहुण्यानं एका दुपारी तो अध्याय मोठ्यानं वाचून टाकला आणि म्हातारा पंधरवड्यात गेला. ही गोष्ट दगडाबाई अजून त्या पाहुण्याला शिव्या देत सांगत.

"माय, ऑपरेशन होऊ दे. शेवट नंतर शोधू," काकासाहेब आता म्हणाले.

"पोथी अर्धी टाकून वेस वलांडत नसतात. समाप्ती झाल्याबिगर म्या दवाखान्यात पाय ठिवायची नाय."

"आत्याबाई, ही काय पोथी हाय का? ह्याच्यात पाच मुडदे पडलेत," मालनबाई म्हणाल्या.

"कुठल्या पोथीत पडत नाय?" दगडाबाईंनी विचारलं.

काकासाहेबांनी चपला घातल्या. डोळा वाचवायचा तर गुरुवारी सकाळी दहाच्या आत ती पानं मिळवायला हवी होती. त्यांना काळजी वाटत होती हे खरं, पण खरं सांगायचं तर त्यांच्या अंगात एक वेगळाच उत्साहही चढला होता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं त्यांनी आवक-जावक सांभाळली. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना काही शोधून काढायला सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशात छोटी वही टाकली, पेन टाकलं, आणि इन्स्पेक्टर सरनोबत टाकतात तशी घरावरून एकदा नजर फिरवली. खाटेवर आई बसली होती, दारात बायको उभी होती. संशयास्पद काही दिसलं नाही.

हर्सूलच्या नाक्यावरचं वाचनालय सोमनाथ चालवतो. काकासाहेबांनी पुस्तक त्याच्यापुढं आपटलं. सोमनाथनं शांतपणे रजिस्टर काढलं.

"दोनशे चोवीस पृष्ठं होती. आता दोनशे आठ आहेत. म्हणजे आठ पानं गेली," तो म्हणाला. "काका, पुस्तक एकदम नवं आहे. तुमच्याआधी फक्त मोतीराम दादांनी नेलं होतं. ते परत आलं तेव्हा मी पानं मोजली. हे बघा, शेरा लिहिलाय: 'पाने पूर्ण. तपासले.'"

काकासाहेबांनी तो शेरा वाचला आणि ते मनात हसले. चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं हजारो कागदांवर 'तपासले' असं लिहिलं होतं. जिथं 'तपासले' लिहिलेलं असतं तिथं कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी वहीत पहिली नोंद केली: सोमनाथचा शेरा विश्वसनीय नाही. दुसरी नोंद: मोतीराम, कसून चौकशी करणे.

तरी त्यांनी सरळ उपायही करून पाहिले. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं सांगितलं की प्रत संपली, शनिवारी येईल. पुण्याच्या प्रकाशकाला फोन लावला तर तिकडून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आम्ही शेवट फोनवर सांगत नाही. आपण पुस्तक विकत घ्यावं." काकासाहेबांनी आईच्या डोळ्याची सगळी कहाणी सांगितली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि डोळ्याला लवकर आराम पडो म्हणून शुभेच्छा दिल्या.

बुधवारी सकाळी काकासाहेब मोतीरामांना गाठायला स्कूटरवरून खुलताबादला निघाले. दौलताबादच्या घाटात स्कूटर दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी एका टेम्पोवाल्यानं विचारलं, "क्या चाचा, दर्गे को जा रहे क्या?" काकासाहेब गंभीरपणे म्हणाले, "तपास को जा रहे." टेम्पोवाल्यानं अदबीनं गाडीला धक्का मारला.

मोतीराम तुरुंगाच्या नोकरीतून निवृत्त झालेले हवालदार. मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. त्यांच्या लेकीनं, विशाखानं, अंगणात खुर्ची टाकली आणि सीताफळं पुढं ठेवली. काकासाहेबांनी सीताफळाला हात लावला नाही. संशयिताच्या घरचं खायचं नसतं, हे त्यांनी चौथ्या अध्यायात वाचलं होतं.

"मोतीरामजी, सरळ विचारतो. शेवटची पानं कुठं आहेत?"

"कशाची?"

"सुडाच्या सातबाऱ्याची."

"पानं? म्या दिलं तवा होती की समदी. पंख्यानं फडफड करायची म्हणून त्यांच्यावर चष्म्याचं घर ठिवायचो."

"बरं, मग खुनी कोण ते तरी सांगा."

"त्ये काय ठाव नाय बा."

काकासाहेब खुर्चीतून पुढं सरकले. "पुस्तक वाचलंत आणि खुनी ठाऊक नाही?"

"म्या शेवट वाचतच नाय," मोतीराम शांतपणे म्हणाले. "इकतीस साल तुरुंगात काढली, साहेब. पुस्तक जिथं संपतं ना, तिथनं माझी ड्युटी सुरू व्हायची. खुनी सापडला की ह्यांची गोष्ट सरली, आन् आमची चालू. त्याला ताप आला, त्यानं जेवण टाकलं, त्याची माय भेटीला आली. त्यापरीस सापडला नाय तोवर बरं."

तिकडून विशाखा म्हणाली, "दादा असंच करतात. घरातल्या सगळ्या मालिकासुद्धा शेवटच्या दिवशी बंद करतात."

"अंदाजानं विचारत असाल तर तलाठी," मोतीरामांनी जाता जाता दया केली. "माझा तरी त्याच्यावर डोळा हाय. आन् ते सीताफळ घेऊन जा, म्हातारीला आवडंल."

तलाठी तर तलाठी. दुपारी घरी आल्यावर काकासाहेबांनी दार लावून घेतलं, पाठकोरे कागद काढले आणि शेवट स्वतःच लिहून काढला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांना क्रमांक टाकले होते, स्वतः असं लिहिण्याची ही पहिलीच वेळ. लिहिताना त्यांचे कान तापले. कागद कापून त्यांनी पुस्तकात बेमालूम खुपसले आणि ठीक चार वाजता उदबत्ती लावली.

"माय, पानं सापडली. मोतीराम हवालदारांकडं राहिली होती."

दगडाबाईंचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. "सापडली?" त्या म्हणाल्या. "कशी सापडली? बरं, वाच."

काकासाहेबांनी घसा खाकरला. "'उपरोक्त खोलीमध्ये हजर असलेल्या सात इसमांपैकी तलाठी हा दोषी असल्याचे प्रथमदर्शनी निदर्शनास येते, असे इन्स्पेक्टर सरनोबत म्हणाले. सबब त्यास तात्काळ ताब्यात घेण्यात यावे.'"

"सरनोबत असा कवापासून बोलाया लागला?"

"रागावलाय तो, माय."

"रागावल्यावर मानूस उपरोक्त म्हणतंय व्हय? अन् तलाठी कसा? तिसरा खून झाला तवा त्याचा पाय पलस्तरात हुता. आठवा अध्याय."

स्वयंपाकघरात मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. काकासाहेबांनी घाईनं चार पानं उलटली आणि, "'येणेप्रमाणे प्रकरण निकाली काढण्यात आले. समाप्त,'" असं म्हणून हात जोडले.

दगडाबाईंनी हात जोडले नाहीत. "ही खोटी पोथी हाय. मला दिसत नसंल, पर ऐकू येतंय. आठ पानं गेली आन् तू चारच उलटली. आठ पानांचा शेवट सांगून म्हातारीला चार पानांत गुंडाळतोस? म्या नाय जायची उद्या."

काकासाहेब चिडून बाहेर ओट्यावर येऊन बसले. सगळं मुसळ केरात गेलं होतं. उद्या सकाळी दहा वाजता डॉक्टरीणबाई वाट बघतील, आई खाटेवरून उठणार नाही, आणि डोळा जाईल. त्यांनी विशाखानं दिलेलं सीताफळ फोडलं आणि बिया एकेक करून थुंकू लागले. एक, दोन, तीन. आठवी बी तोंडातच राहिली.

आठ. आठ पानं गेली हे सोमनाथनं मोजलं होतं. ते आपल्याला ठाऊक होतं. आपण घरी कुणाला सांगितलं? मालनला नाही. आईला तर नाहीच. घरात आपण फक्त 'पुढची पानंच नाहीत' एवढंच म्हणालो.

काकासाहेबांच्या अंगावर काटा आला. पाचव्या खुनानंतर इन्स्पेक्टर सरनोबतांच्या अंगावर आला होता, अगदी तसाच. ते उठले, आत गेले आणि खाटेसमोर उभे राहिले.

"माय, ऊठ जरा. गादी झटकायची."

"दिवेलागणीला गादी झटकत नसतात."

"माय, पानं आठ होती हे तुला कुणी सांगितलं?"

दगडाबाई हळूच बाजूला सरकल्या. ज्या जागी त्या काल दुपारपासून ठाण मांडून बसल्या होत्या, तिथं गादीखाली आठ पानं होती, वजनानं चांगली इस्त्री झालेली. काकासाहेबांनी काल खाटेखाली वाकून पाहिलं होतं. खाटेवर पाहायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"ह्याच्यासाठी मी घाट चढून आलो का?" काकासाहेबांचा आवाज चढला. "स्कूटर दोनदा बंद पडली. त्या भल्या माणसाला मी चोर ठरवलं. आणि तू इथं त्याच्यावर बसून मला पोथीचं शास्त्र सांगत होतीस?"

"भ्या वाटतं रे, काक्या," दगडाबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी हातातलं गादीचं टोक सोडलं.

"डोळ्यात सुई घालत्यात म्हणं. तुझी आवडामावशी टेबलावर गेली ती उठलीच नाय."

"माय, मावशीचं हृदयाचं ऑपरेशन होतं."

"टेबल तर त्येच असतंय न्हवं?"

काकासाहेब खाटेच्या कडेला बसले. त्यांना स्वतःचाच राग आला. अधिक महिना, ग्रहण, जावळ, सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं, तारखा बदलून घेतल्या होत्या. पण माय, तुला भीती वाटते का, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. आईला कशाची भीती वाटू शकते हेच त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. लहानपणी विहिरीवरचा साप तिनं खुरप्यानं मारलेला त्यांनी पाहिला होता.

मग काकासाहेबांनी ती आठ पानं उचलली, न वाचता घडी केली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली.

"माय, तुझे वडील किती वर्षं जगले?"

"चौऱ्यान्नव."

"कशामुळं?"

"पोथी अर्धी ठिवली व्हती म्हणून. यम दारातनं माघारी..." दगडाबाई बोलता बोलता थांबल्या.

"मग आपलीही अर्धीच आहे. ही पानं माझ्या खिशात राहतील, दवाखान्याच्या दारात मी उभा राहीन. तू बाहेर येईपर्यंत मीसुद्धा वाचणार नाही. कसा नेतो यम तेच बघू."

"पर समाप्तीबिगर वेस..."

"शास्त्रं दोन्ही तुझीच. त्यातलं वडिलांचं मोठं का तुझं मोठं?"

दगडाबाईंनी उशीजवळची माळ उचलली आणि परत ठेवली. आपल्याच दोराच्या गाठीत माणूस अडकतो म्हणतात ते हे. शेवटी त्यांनी मालनबाईंना हाक मारली. "मालन, उद्याला धुतलेलं लुगडं काढून ठीव. आन् डाळ भिजू घाल. आलं की समाप्ती करायची."

गुरुवारी सकाळी साडेनऊला त्या दवाखान्यात हजर होत्या. आत नेताना त्यांनी दारातून मागं वळून विचारलं, "काक्या, खिशात हायती न्हवं?" काकासाहेबांनी खिशावर हात ठेवला. सिस्टर म्हणाली, "आजींचे जुने कागद असतील तर द्या इकडं."

"कागद नाहीत, सिस्टर. शेवट आहे," काकासाहेब म्हणाले. "त्या सुखरूप बाहेर आल्याशिवाय काढायचा नाही." सिस्टर एक पाऊल मागं सरकली आणि मग तिनं काही मागितलं नाही.

अर्ध्या तासात दगडाबाई बाहेर आल्या, डोळ्यावर पट्टी बांधून. "सुई बिई काय नाय. उगाच लोक काय बी सांगत्यात," त्यांनी जाहीर केलं. काकासाहेबांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण तिथं सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं.

शुक्रवारी पट्टी निघाली. दुपारी चार वाजता काळा चष्मा लावून दगडाबाई खाटेवर बसल्या. उदबत्ती लागली, पुरणपोळीचं ताट पुढं आलं आणि काकासाहेबांनी खिशातली पानं काढली. वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला. सरनोबतांनी तलाठ्याला वगळलं, वकिलाला वगळलं, धाकट्या भावाला वगळलं. मग ते कोपऱ्याकडे वळले. ज्या म्हातारीचं शेत लाटलं गेलं होतं, आणि जिच्याकडे साऱ्या तपासात कुणी वळून पाहिलं नव्हतं, ती तिथं माळ ओढत बसली होती. तिनं माळ खाली ठेवली आणि म्हणाली, बरीच वर्षं लावलीस रे पोरा.

पानं काकासाहेबांच्या मांडीवर पडली. मालनबाई सासूकडे बघतच राहिल्या.

"म्या दुसऱ्याच अध्यायात सांगितलं हुतं," दगडाबाई पुरणपोळीचा घास मोडत म्हणाल्या.

शनिवारी काकासाहेबांनी पानं खळीनं चिकटवून पुस्तक परत केलं. सोमनाथनं पृष्ठं मोजली. ती दोनशे चोवीस भरली. काकासाहेब ते मोजणं बघत उभे राहिले आणि मनातल्या मनात त्यांनी सोमनाथची माफी मागितली.

"कुणी फाडली होती, काका?"

"चौकशी चालू आहे," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरी कादंबरी घेतली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं.

ती कादंबरी त्यांनी जपून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी चार वाजता काढली तर हाताला हलकी लागली. त्यांनी घाईघाईनं मागचं पान उघडलं. पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यावर एका निराळ्या लेखकाचा हसरा फोटो होता.

"माय!"

दगडाबाईंनी पदराआडून घडी केलेले कागद काढले आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या वरच्या खिशात नीट बसवले.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. उजव्या डोळ्याच्या दिवशी लागत्याल," त्या म्हणाल्या. "आन् ह्या टायमाला बघून फाडलीत. कड बघ कशी सरळ आलीया."